नागपुरात समुद्र नाही, मग लँडिंग गिअरला गंज कुठून?

विमान देखभालीचा कोर्स संपवून मिहानमध्ये नुकत्याच कामाला लागलेल्या एका मुलाने विचारलंय: "आमचे सीनिअर म्हणतात, गंज ही मुंबई-चेन्नई-कोचीवाल्यांची डोकेदुखी, आपली हवा कोरडी. मग लँडिंग गिअरच्या (विमानाची चाकं आणि ती धरणारे पाय) प्रत्येक टास्क कार्डावर, म्हणजे कामाच्या सूचनापत्रकावर, गंज बघायला का सांगतात? नेमकं बघायचं काय? आणि वरवरचा गंज असेल तर घासून रंग मारला तर काय बिघडतं?"

शेवटचा प्रश्न वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी हवेचं. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते हे खरंच, दोरीवरचा टॉवेल पाच मिनिटांत पापड होतो. पण विमान काही नागपुरात राहत नाही. काल मुंबई, आज सकाळी गोवा, दुपारी चेन्नई करून रात्री आपल्याकडे मुक्कामाला आलेल्या विमानाच्या गिअरवर तिन्ही गावांची हवा बसलेली असते. धावपट्टीवरचं पाणी चाकं उडवतात ते थेट टॉर्क लिंकवर (पायाची दांडी गोल फिरू न देणारी बिजागरासारखी जोडणी), ब्रेकवर आणि व्हील बेच्या, म्हणजे चाकं मिटून ठेवायच्या कप्प्याच्या, छतावर. मीठ एकदा बसलं की हवेतला ओलावा ते स्वतःच ओढून घेतं, त्याला वेगळा पाऊस लागत नाही.

त्यात हा गिअर उड्डाणभर ज्या कप्प्यात राहतो तिथे ना हीटर, ना हवेचा दाब. ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास असतं. तासभर तिथे गारठलेलं जाडजूड पोलाद जुलैच्या संध्याकाळी आपल्या सोनेगाव विमानतळावर उतरतं तेव्हा फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा त्याला घाम फुटतो. बाहेरचा घाम दिसतो आणि वाळतो. पोकळ पिनच्या आत, ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) पोटात, बुशच्या (पिन जिच्यात फिरते त्या धातूच्या बांगडीच्या) कॉलरखाली सुटलेला घाम दिसतही नाही आणि वाळतही नाही.

आणि राहिलेला समुद्र आपण स्वतः आणतो. उन्हाळ्यात हँगरमध्ये मोठे कूलर लावतात, लावायलाच हवेत, ४५ अंशांत माणूस व्हील बेमध्ये तासभर उभा राहू शकत नाही. पण तोच कूलर गिअरपासून चार हातांवर ठेवून, बोअरचं पाणी भरून, रात्रभर चालू. एकदा सकाळी मी नोज गिअरच्या, म्हणजे पुढच्या पायाच्या, क्रोम पिस्टनवर (आतबाहेर सरकणाऱ्या दांडीवर) पांढऱ्या टिकल्या बघितल्या, सगळ्या एकाच बाजूला. कूलरचे तुषार वाळून राहिलेला क्षार होता तो. खंडेनवमीचंही तसंच. पूजा झालीच पाहिजे, मी स्वतः करतो, पण नारळ चाकाजवळ फोडायचा नाही. नारळपाण्यात क्षार आहेत, साखर आहे, आणि ते ब्रेकच्या फटीत गेलं की हळद-कुंकवासकट तिथेच मुरतं. आमच्याकडे आता नारळ हँगरच्या दारात फुटतो. चाकाला फक्त फूल.

आता पोलादाचं, कारण तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. घराच्या गेटला गंज लागला तर गेट पातळ होतं, वीस वर्षांनी भोक पडतं. गंज म्हणजे झीज, हे आपल्या डोक्यात तिथूनच बसलेलं. लँडिंग गिअरचा गंज झिजवून मारत नाही, तो तडा सुरू करून मारतो. मोठ्या विमानांच्या गिअरचं पोलाद, ४३४० किंवा त्यात सिलिकॉन वाढवून केलेलं ३००एम, हे १,८०० ते २,००० मेगापास्कलच्या घरातलं ताणबळ पेलतं. इमारतीच्या सळईच्या तिप्पट-चौपट. एवढी ताकद फुकट मिळत नाही. हे पोलाद तडा सहन करत नाही. मऊ लोखंडात बोटभर तडा गेला तरी ते वाकून, ओरडून इशारा देतं. यात ताण जास्त असलेल्या जागी एक-दोन मिलिमीटरचा तडाही पुरेसा असतो, मग एका लँडिंगला काचेसारखं तुटतं. आणि टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा ही तडा सुरू व्हायला आयती जागा.

२८ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलला एक मालवाहू एमडी-१० उतरलं आणि धावपट्टीवरच त्याचा डावा मेन गिअर, म्हणजे मुख्य चाकांचा पाय, मोडला. पंख घासत गेला, आग लागली. दोघे वैमानिक सुखरूप बाहेर आले. तपासात निघालं ते असं: फटीगचा (पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने वाढत जाणारा) तडा गंजाच्या एका खड्ड्यातून सुरू झाला होता, आणि तो खड्डा पडला होता त्या जागेवर जो गंजापासून वाचवणारा कॅडमियम धातूचा थर असायला हवा होता तो नव्हताच. थर का नव्हता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. शिवाय गिअर ओव्हरहॉल करायची, म्हणजे पूर्ण सोडवून नव्याने बांधायची, मुदत कंपनीने निर्मात्याच्या शिफारशीपेक्षा लांब ठेवली होती. या अपघातात मला सर्वात बोचतो तो कॅडमियमचा भाग, कारण तो थर कुणाच्या तरी हाताखालून निसटलेला.

टास्क कार्डावर गंज का लिहिलेला असतो, त्याची गोष्ट जुनी आहे. एप्रिल १९८८ मध्ये हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ चं छत हवेत उडालं. बेटाबेटांत खारी हवा खात फिरणारं, ८९ हजारांवर फेऱ्या झालेलं विमान. त्यानंतर गंज प्रतिबंध आणि नियंत्रणाचा कार्यक्रम सक्तीचा झाला, ज्याला आपण सीपीसीपी म्हणतो. लेव्हल १, २, ३ ही भाषा तिथूनच आली. लेव्हल १ म्हणजे घासून काढल्यावरही मर्यादेत बसणारा गंज, लेव्हल ३ म्हणजे सगळ्या ताफ्याची झोप उडवणारा. ते विमान नागपूरचं की कोचीचं, हे कार्ड विचारत नाही.

आता बघायचं काय.

पहिली गोष्ट, गिअर धुवायच्या आधी बघ. सगळे उलटं करतात. आधी धुतात, मग चकचकीत गिअर बघून सही करतात. डाग हा पुरावा आहे, तो तू पाण्यासोबत नालीत घातलास. आधी मळकट बघ, मग धू, मग पुन्हा बघ.

टॉर्च सरळ मारू नकोस. पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धर. सरळ उजेडात सगळा रंग सारखा दिसतो, आडव्या उजेडात रंगाखालचा फुगवटा सावली टाकतो. मग त्यावरून हातमोजा काढून बोट फिरव. रंगाखाली पुळी असेल तर बोटाला आधी कळते.

रंगांची ओळख ठेव. कॅडमियमवर पांढरी भुकटी म्हणजे थर आपलं काम करतोय: तो पोलादाच्या आधी स्वतःचा बळी देतो, त्यासाठीच लावलेला असतो. भुकटीत तपकिरी छटा आली की बळी संपले, आता खुद्द पोलादाची पाळी. ॲल्युमिनियमवर पांढरट राखाडी भुकटी, आणि जुन्या ७०७५-टी६ सारख्या मिश्रधातूच्या फोर्जिंगमध्ये (ठोकून घडवलेल्या भागांत) धातूचे पापुद्रे सुटतात, चिरोट्यासारखे. ब्राँझ बुशच्या कडेला हिरवट. आणि ग्रीसमध्ये कालवलेला कोकोसारखा लालसर लेप दिसला तर तो पाण्याचा गंज नसून फ्रेटिंगही असू शकतं, म्हणजे बुश आपल्या जागी ढिली होऊन घासतेय. दोन्हीचे इलाज वेगळे, पण दोन्हीत "पुसून टाकलं" हा इलाज नाही.

दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे थांब. पोलादी लगमध्ये (पिन ओवायच्या भोकाच्या कानात) ब्राँझची बुश, तिच्या कॉलरभोवती सीलंटची बारीक कड. ती कड तडकली की पाणी कॉलरखाली जातं आणि तिथून परत येत नाही. वायरिंग धरणाऱ्या क्लॅम्पखाली, बाँडिंग जंपरच्या (दोन भाग विजेने जोडणाऱ्या तारेच्या) बोल्टखाली, चिकटवलेल्या नेमप्लेटखाली बघ. जॅक लावायच्या घुमटावर बघ, तिथे जॅक दरवेळी रंग खरवडतो आणि कुणीच परत लावत नाही. स्ट्रटच्या, म्हणजे गिअरच्या मुख्य खांबाच्या, पुढच्या अंगाला खडे लागतात, तिथे बघ. ड्रेन होलमध्ये तार घाल. दहातली निम्मी तरी जुन्या ग्रीसने आणि धुळीने बुजलेली सापडतील, आणि बुजलेलं ड्रेन होल म्हणजे गिअरच्या पोटात भरलेला माठ.

ॲक्सलवर ब्रेक बसतो ती जागा वेगळी. तिथे गंजाच्या जोडीला उष्णता आहे. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी, २३० अंशांच्या वर, ते खालच्या कडक पोलादाला ठिसूळ करू लागतं. म्हणून हॉट ब्रेकची, म्हणजे ब्रेक फार तापल्याची, नोंद झालेल्या विमानाची चाकं उतरली की ॲक्सलचा रंग करपलाय का, थर बदललाय का, हे बघायचंच. युरोपातून लीजवर आलेल्या विमानांत आणखी एक: तिथे हिवाळ्यात धावपट्टीवर बर्फ वितळवायला पोटॅशियमचे क्षार टाकतात. ते कॅडमियमला खातात आणि कार्बन ब्रेकलाही. विमान भरउन्हाळ्यात आपल्याकडे आलं तरी आधीचे चार हिवाळे सोबत घेऊन येतं.

एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही. जानेवारीची रात्रपाळी. टॉर्क लिंक पिस्टनला जिथे जोडते त्या लगवर, बुशच्या कॉलरखालून निघालेली तपकिरी रेघ. बशीत चहाच्या कपाचा डाग उमटतो ना, तशी. एका मुलाने सॉल्व्हंटच्या कापडाने ती पुसली.

"काय होतं रे?"

"जुनं ग्रीस होतं न सर. पुसलं."

तिसऱ्या रात्री तेच विमान, तीच रेघ, तेवढीच. यावेळी मी पांढरं कापड घेतलं आणि डाग बोटांत चोळला. ग्रीस गुळगुळीत लागतं, हे रव्यासारखं कणीदार लागलं. सीलंटची कड नखाने दाबली तर दातासारखी हलली. पिन काढायची म्हणजे विमान जॅकवर, सकाळची फेरी रद्द, वरून फोनवर फोन. काढली. बुश निघाल्यावर लगच्या तोंडावर चंद्रकोरीसारखा तपकिरी पट्टा आणि त्यात सात-आठ खड्डे. भिंगाखाली त्यातला एक इतरांपेक्षा काळा. डेप्थ गेज लावला, मर्यादेच्या पलीकडे. तो भाग दुरुस्तीच्या शॉपला गेला. ज्याने पुसलं होतं तो मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी रागावलो नव्हतो, त्यालाच लागलं होतं. आता तो स्वतः बी१ लायसन्सवाला, म्हणजे कामावर सही करायचा अधिकार असलेला, आहे आणि खिशात पांढरं कापड ठेवतो. पुसल्यावर परत येणारा डाग लॉगमध्ये लिहायचा, जागेसकट, तारखेसकट, फोटोसकट.

धुण्याबद्दल थोडंच. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंग, सील, बुश यांच्यावर सरळ धरायचा नाही. ग्रीस मऊ असतं, पाणी जोरात असतं, पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. धुतल्यावर ग्रीसिंग झालंच पाहिजे, त्याच पाळीत. "उद्या सकाळची टीम करेल" असं म्हटलं की सगळी रात्र पाण्याला मोकळी मिळाली.

ग्रीसिंगवर मात्र मी तासभर बोलू शकतो. लोकांना वाटतं ते वंगण आहे. वंगण आहेच, पण गिअरच्या सांध्यात त्याचं अर्धं काम पाण्याला बाहेर ढकलणं हे आहे. म्हणून निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) गन लावून दोन दाब दिले की झालं, असं नसतं. जुनं काळं ग्रीस, त्यातलं पाणी, सगळं बाहेर येऊन सांध्याच्या प्रत्येक कडेने नवीन, स्वच्छ रंगाचं ग्रीस दिसेपर्यंत द्यायचं. एका कडेने आलं आणि दुसरीने नाही, तर आतली वाट बुजलीय. तिथे स्नॅग, म्हणजे दोषाची नोंद, लिहायचा. सांध्यावर भार असताना ग्रीस एका बाजूला जातच नाही, म्हणून विमान जॅकवर असेल तेव्हाची संधी सोडू नकोस. आणि दोन जातींची ग्रीसं मिसळू नकोस. एक क्लेवर (चिकणमातीवर) बांधलेलं, एक लिथियमच्या साबणावर, दोन्ही दिसायला उत्तम, पण एकत्र आली की पातळ होऊन गळतात किंवा घट्ट होऊन बसतात. आमच्याकडे गनच्या मुठीला रंगीत टेप आहे, ग्रीसच्या रंगाची. बाहेरून आलेल्या कंत्राटी मुलालाही न विचारता कळतं.

उरलेला थर म्हणजे गंजरोधक फवारा, सीआयसी. पिनच्या पोकळीत, ॲक्सलच्या आत मॅन्युअल सांगेल तिथे मार. क्रोमच्या पिस्टनवर, सीलवर, ब्रेकवर चुकूनही नको. आणि हायड्रॉलिकचं जांभळं तेल गळलं तर "तेलच आहे, गंजापासून वाचवेल" असं समजू नकोस. ते फॉस्फेट एस्टर आहे, रंग उकलतं आणि पाण्यात मिसळलं की आम्ल बनवतं. लगेच धू.

आता तुझा प्रश्न. घासून रंग मारला तर काय बिघडतं?

घासतोस कशाने, इथून सुरुवात. ग्राइंडर किंवा फ्लॅप व्हील लावलंस तर पृष्ठभाग क्षणभर तापतो, लगेच थंड होतो, आणि तिथे ठिसूळ कातडी तयार होते. डोळ्याला काहीच दिसत नाही, शॉपमध्ये ॲसिड एचिंग केल्यावर तो डाग उमटतो. वायर ब्रशने खड्डा निघत नाही, फक्त त्याचं तोंड लिंपलं जातं. आणि सर्वात वाईट, गंज काढायचं द्रव. एकदा एका मुलाने इतवारीतून छोटी बाटली आणली होती, खिडकीच्या ग्रिलला वापरतात ती. त्यात फॉस्फोरिक ॲसिड. ग्रिलवर ते उत्तम चालतं. कडक पोलादावर ॲसिड लागलं की त्यातला हायड्रोजन धातूत शिरतो, आणि काही तासांनी की काही दिवसांनी, विमान नुसतं उभं असतानाही, तो भाग तडकू शकतो. गंज गेला, पोलाद चकाकलं, आणि तू त्यात टाइम बॉम्ब ठेवलास. कॅडमियम चढवताना हाच हायड्रोजन शिरतो, म्हणून शॉपमध्ये प्लेटिंग झाल्या झाल्या, काही तासांच्या आत, भाग १९० अंशांच्या आसपास २३ तास भाजतात. हँगरच्या फरशीवर तुझ्याकडे ती भट्टी नाही.

रीतसर काम असं चालतं. मॅन्युअलमध्ये त्या भागाची, त्या जागेची मर्यादा काढायची. लगच्या आत वेगळी, बाहेर वेगळी, वळलेल्या कोपऱ्याच्या त्रिज्येवर आणखी वेगळी. मर्यादेत असेल आणि मॅन्युअलने परवानगी दिली असेल तरच हाताने, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कागदाने, खड्डा पूर्ण जाईपर्यंत. "जवळजवळ गेला" चालत नाही. मग कडा उताराने मिळवायच्या, कुठेही पायरी नको. खोली मोजायची. मग एनडीटी, म्हणजे भाग न तोडता तडे शोधायची चाचणी: पोलादाला मॅग्नेटिक पार्टिकल किंवा एडी करंट. मग जिथे लागेल तिथे शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा), ब्रशने कमी हायड्रोजनवाला कॅडमियम थर, प्रायमर, रंग, सीलंट. घासताना मास्क घाल, कागद ओला ठेव. कॅडमियमची धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही. तुझ्या "घासून रंग" मध्ये या साखळीतली फक्त पहिली आणि शेवटची कडी आहे. मधल्या कड्या वगळल्या की खड्डा रंगाखाली जगतो, आणि पुढच्या तपासणीत तो कुणालाच दिसत नाही. रंग न मारता तसाच सोडला असता तर निदान दिसला तरी असता.

ओव्हरहॉलची मुदत साधारण आठ ते बारा वर्षांच्या मधे असते किंवा ठरावीक लँडिंगपर्यंत, जे आधी येईल ते. तेव्हा सगळा गिअर सुटतो, रंग आणि थर उतरतो, नवीन चढतो. म्हणून कमी उडणारं विमान सुरक्षित, असं समजू नकोस. गंज लँडिंग मोजत नाही, तारखा मोजतो. २०२० च्या टाळेबंदीत देशभर विमानं उभी होती, तेव्हा पिस्टनचा उघडा भाग गुंडाळणं आणि चाकं ठरल्या दिवशी फिरवणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं.

छोट्या विमानांवर दोन शब्द, कारण तुझ्यासारखी बरीच मुलं आधी फ्लाइंग क्लबमध्ये हात साफ करतात. सेसनाच्या मेन गिअरचा स्प्रिंग पाय पोलादाचा आहे आणि त्याच्या ताणाच्या बाजूला रंगाखाली पडलेला खड्डा तेवढाच वाईट. पायरीचा ब्रॅकेट जिथे बसलाय तिथे नक्की बघ. नोज ऑलिओची (पुढच्या पायातल्या तेल-वायूच्या शॉक ॲब्सॉर्बरची) चमकणारी दांडी रोज सकाळी त्यात भरतात त्याच लाल हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुस. नागपूरची धूळ म्हणजे बारीक सॅंडपेपर, ती सीलखाली गेली की क्रोमवर ओरखडा, ओरखड्यातून पाणी.

आणि ऑलिओत काय भरतोस ते बघ. मोठ्या विमानांत कोरडा नायट्रोजन भरतात, तो ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही आत जाऊ देत नाही म्हणून. छोट्या ठिकाणी कधी कधी सरळ कॉम्प्रेसरची हवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाऊस चालू असताना, अशाच एका जागी मी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला. चहाच्या रंगाचं पाणी बादलीत पडत राहिलं, तिथल्या काकांनी बादली बदलली. "हा कॉक उघडतो हेच माहीत नव्हतं बाप्पा," ते म्हणाले. त्या पावसाळ्यात तिथल्या सगळ्या ऑलिओंत हीच हवा गेली होती. आम्ही सगळे उघडले, तेल काढलं, दोन ठिकाणी तळाला गाळ निघाला. उद्या कामावर गेलास की तुमच्या कॉम्प्रेसरचा कॉक कुठे आहे ते शोध, बहुतेक टाकीच्या पोटाखाली मागच्या बाजूला असतो.